घोडे कोठे पेंड खाते?



वसंत ऋतूत गावोगावी ज्या व्याख्यानमाला चालतात, त्यांत इतिहास म्हटला की गड, लढाया आणि राजेरजवाडे ह्यांच्याच गोष्टी व्हाव्यात, असा एक संकेत पडून गेला आहे. चांदवडकरांना तसा इतिहास शोधण्यासाठी दूर जावयास नको. डोंगरावर किल्ला आहे, गावात होळकरांचा रंगमहाल आहे आणि वेशीजवळून मुंबई-आग्रा रस्ता धावतो आहे. तरीही आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तो यंत्रांचा, आणि त्यातही यंत्रांच्या परीक्षांचा आहे.

निमित्त तसे लहान आहे. आपल्या गावातील अभियांत्रिकीची मुले आपसांत ज्या गोष्टी बोलतात, त्यांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. संगणकात नवे, महागडे ग्राफिक्स कार्ड बसवले; वीस वर्षांपूर्वीची एक प्रसिद्ध कसोटी त्यावर चालवून पाहिली; आणि गुण मिळाले ते जुन्या, स्वस्त कार्डाइतकेच! मग कार्ड खोटे, की दुकानदार लबाड, की कसोटीच कुचकामी? आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. कामगारांच्या सभा, तक्रारी आणि वाटाघाटी ह्यांतच आमचे आयुष्य गेले. जे वाचले ते रात्री कंदिलाखाली आणि पुढे दिव्याखाली. परंतु ही तक्रार ऐकली तेव्हा तीत आमच्या धंद्यातला फार जुना प्रश्न आम्हांस दिसला. काम अडले असता ते नेमके कोणापाशी अडले हे ठरवावे कसे? घोडे कोठे पेंड खाते, हे शोधल्यावाचून चाबूक कोणावर उगारायचा?

प्रथम कसोटी ह्या शब्दाचाच विचार करू. होळकरांच्या काळी ह्या चांदवडात टांकसाळ होती. येथे रुपये पडत. जेथे नाणे तेथे सराफ, आणि जेथे सराफ तेथे पारख आलीच. सोने पारखण्याचा काळा दगड, तो कसोटीचा दगड. त्यावर सोने घासले म्हणजे रेघ उमटते आणि रेघेच्या रंगावरून कस कळतो. पण त्याच दगडावर हिरा घासला तर काय होईल? रेघ उमटणार नाही. उलट दगडावरच ओरखडा पडेल. पाहणाऱ्याला काही तरी खूण दिसेल खरी, परंतु ती हिऱ्याची नव्हे, दगडाची. जुन्या कसोटीवर नवे यंत्र घासले म्हणजे असेच घडते. आकडा मिळतो; पण तो कोणाचा, हे विचारावे लागते.

आता कोंडी कशी होते ते पाहू. त्यासाठी आपला कांद्याचा बाजार पुरे आहे. सकाळी ट्रॅक्टरांची रांग लागते, लिलाव होतो, मग माल भुईकाट्यावर जातो आणि तेथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो. समजा, लिलाव पुकारणारे दुप्पट केले आणि खळ्यावर हमालही दुप्पट लावले, पण भुईकाटा एकच ठेवला. दिवसाकाठी किती ट्रॅक्टर मोकळे होतील? जितके भुईकाटा तोलील तितकेच, एकही अधिक नाही. लिलाव जलद झाला म्हणून काट्यापुढची रांग मात्र लांबेल, आणि खळ्यावरचा हमाल तंबाखू मळीत बसेल. त्या हमालाकडे पाहून कोणी म्हटले, 'हा आळशी आहे', तर ते खरे होईल काय? हमाल रिकामा आहे, पण आळशी नाही. रिकामा आणि आळशी ह्यांतला हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

कारखान्यांचा सारा इतिहास म्हणजे ह्या कोंडीच्या जागा बदलण्याचा इतिहास होय. इंग्लंडात १७३३ साली जॉन के ह्याने उडता धोटा काढला. विणकर झपाट्याने विणू लागला आणि सुताचा तुटवडा पडला. कोंडी मागावरून चरख्याकडे सरकली. मग १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्जचे अनेक चात्यांचे यंत्र आले, १७६९ मध्ये आर्कराइटचे आणि १७७९ मध्ये क्रॉम्प्टनचे. सूत उदंड झाले आणि आता विणकरच कमी पडू लागले. तेव्हा १७८५ साली कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट घेतले. एक गाठ सोडवावी तो दुसरी आवळावी, असा हा क्रम आहे. त्यात कोणी एक शहाणा आणि दुसरा मूर्ख नव्हता. ज्याचा वेग वाढतो तो शेजाऱ्याला उघडे पाडतो, इतकेच.

ह्याच गोष्टीने आपल्या मुंबईत १९२८ साली भाकरीचे रूप घेतले. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत, सूतखात्यात एकाने दोन बाजू पाहाव्यात, अशी योजना काही गिरण्यांत आली. तिला कार्यक्षमता असे भारदस्त नाव होते. कामगारांचे म्हणणे साधे होते. सूत कच्चे असेल तर ते पदोपदी तुटते; तुटलेला धागा सांधीपर्यंत माग उभा राहतो; मागांची संख्या वाढवली म्हणून कापूस सुधारत नाही. कोंडी कच्च्या मालात आणि माप मात्र विणकराच्या हातांचे! एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. संपाची कारणे इतरही होती. परंतु कामाचे माप कोणत्या परिस्थितीत घ्यावयाचे, हा वाद त्याच्या मुळाशी होता, आणि पुढे फॉसेट समितीपुढेही तो विषय आलाच.

संगणकाचे युग अवतरले तेव्हा हा प्रश्न मिटला नाही; त्याने नुसता वेष पालटला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः बांधलेला मोठा संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. सुमारे २७०० निर्वात नळ्यांचे ते यंत्र होते आणि त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. आजच्या विषयाशी जुळणारी एक गोष्ट अशी की, आलेख आणि अक्षरे काचेच्या पडद्यावर दाखवण्याची सोय त्याला जोडलेली होती. म्हणजे संगणकाने चित्र काढण्याचा आपल्याकडील आरंभ तेथपासून धरावयास हरकत नाही. परंतु ह्या यंत्राला माहिती पुरवावयाची ती भोके पाडलेल्या कागदी फितीने, आणि उत्तर छापून घ्यावयाचे ते टेलिप्रिंटरवर अक्षर-अक्षर टंकून. आत विजेचा वेग आणि दाराशी बैलगाडीचा! गणित क्षणात होई. उत्तर कागदावर उतरेपर्यंत वाट पाहावी लागे.

पुढे विचार निघाला की एका प्रोसेसरऐवजी अनेक प्रोसेसर एकत्र जुंपले तर? १९६७ च्या वसंतात अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे संगणकतज्ज्ञांची परिषद भरली होती. तीत जीन ॲमडाल ह्या गृहस्थांनी एक हिशेब मांडला, तो आपल्या तोंडी हिशेबात बसण्यासारखा आहे. एखादे काम शंभर मिनिटांचे आहे. त्यातील पंचाण्णव मिनिटांचे काम वाटून देता येते, पण पाच मिनिटांचे काम एकट्यानेच करावयाचे आहे. एकोणीस माणसे लावली तर पंचाण्णवाची पाच मिनिटे होतील. ती आणि एकट्याची पाच मिळून दहा मिनिटे, म्हणजे काम दसपट वेगाने झाले. पंचाण्णव माणसे लावली तर सहा मिनिटे. आता लाख माणसे आणा, कोटी आणा. पाच मिनिटांच्या खाली काम जावयाचे नाही. वीसपट ही मर्यादा ठरली ती ठरली. साऱ्या गावाने हात लावला तरी सुईत दोरा एकालाच ओवावा लागतो.

महाराष्ट्राने हा धडा स्वतः गिरवला. पुण्यात १९८८ साली सीडॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडून तो केलेला होता. अशा यंत्रात खरे कौशल्य लागते ते काम वाटून देण्याचे आणि प्रोसेसरांची आपसांतील बोलणी आवरती ठेवण्याचे. नाही तर सारे एकमेकांच्या निरोपाची वाट पाहत बसतात. पुढे २००७ च्या नोव्हेंबरात पुण्याच्याच एका ह्या महासंगणकाने जगाच्या यादीत चौथा क्रमांक मिळवला. त्याचा कागदावरचा कमाल वेग सुमारे १७१ टेराफ्लॉप्स होता आणि लिनपॅक नावाच्या कसोटीत प्रत्यक्ष भरला तो सुमारे ११८. उरलेला वेग कोणी चोरला नाही. तो वाट पाहण्यात गेला. लिनपॅकची कसोटी तर यंत्रांना त्यातल्या त्यात सोयीची. एचपीसीजी नावाच्या नव्या, कठोर कसोटीत जगातल्या बहुतेक बलाढ्य यंत्रांना कमाल वेगाच्या शेकडा पाचही गुण मिळत नाहीत. यंत्र तेच, कसोटी बदलली, आणि शहाण्णवकुळीचा ऐटबाज गडी एकदम साधा दिसू लागला!

इतकी वाट चालून आल्यावर आता मुलांच्या ग्राफिक्स कार्डाकडे वळू. पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. सेकंदाला साठ चित्रे दाखवावयाची तर प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. ह्या कामात दोन भागीदार आहेत. प्रोसेसर हा मुकादम. चाक येथे काढा, झाड तेथे काढा, त्यावर असा उजेड पाडा, अशा चिठ्ठ्या तो एकामागून एक लिहून देतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे मजुरांची फौज. चिठ्ठी हाती पडताच लाखो ठिपके रंगवण्याचे काम ती एकदम करते. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स २५६ हे कार्ड आले, तेव्हा आकृत्या फिरवण्याचे व उजेडाचे जे गणित तोवर मुकादम स्वतः करी, तेही मजुरांकडे गेले.

ह्या कार्डांची पारख करण्यासाठी फिनलंडमधील एका कंपनीने थ्रीडीमार्क नावाच्या कसोट्या काढल्या. त्यांतली २००१ सालची फार गाजली. मोटारींचा पाठलाग, उडते अजगर, झाडे, पाणी अशी दृश्ये ती पडद्यावर चालवी आणि सेकंदाला किती चित्रे निघाली त्यावरून गुण देई. चित्राचा नेहमीचा आकार १०२४ गुणिले ७६८, म्हणजे ७,८६,४३२ ठिपके. त्या वर्षीच्या कार्डांना ह्या दृश्यांनी घाम फुटे. म्हणूनच तेव्हा ती कार्डांची खरी कसोटी होती.

मग मधल्या काळात काय घडले? २००१ सालच्या जीफोर्स ३ कार्डात ५ कोटी ७० लाख ट्रान्झिस्टर होते. २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० मध्ये ते सुमारे ७,६३० कोटी झाले. तेराशे पटींहून अधिक. त्यात काम करणारे गणनघटक १६,३८४ आहेत. मजुरांची फौज ही अशी वाढली. आणि मुकादम? २००१ साली प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला दोनशे कोटींपर्यंत पोचले होते. २००४ च्या सुमारास ही शर्यत उष्णतेपुढे थबकली. वेग आणखी वाढवावा तर चीप तापून निघे. २००५ पासून कंपन्यांनी एकाच प्रोसेसरात दोन, पुढे चार, आठ, सोळा कोअर घालण्याचा मार्ग धरला. आज अगदी वेगवान प्रोसेसरही सहाशे कोटी ठोक्यांच्या आसपासच आहे, म्हणजे तिप्पट. एका ठोक्यात होणारे काम मध्यंतरी पुष्कळ वाढले हे खरे. तरीही त्याचा आणि तेराशे पटींचा मेळ बसत नाही.

येथेच घोडे पेंड खाते. २००१ ची कसोटी लिहिली गेली तेव्हा घरगुती संगणकात बहुधा एकच कोअर असे. त्यामुळे तिच्यातल्या साऱ्या चिठ्ठ्या एकच मुकादम, एकाच रांगेने लिहितो. आजच्या प्रोसेसरातले बाकीचे पंधरा मुकादम हात बांधून उभे राहतात. त्यांना काम सांगण्याची रीतच त्या जुन्या आज्ञावलीत नाही. शिवाय जुन्या बोलीतली प्रत्येक चिठ्ठी नव्या कार्डाला समजेल अशी करून देण्याचे काम ड्रायव्हर नावाची आज्ञावली करते, आणि तेही त्याच एका मुकादमाच्या वेळातून होते. चिठ्ठी पोचताच सोळा हजार मजूर ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरी करतात आणि पुढच्या चिठ्ठीची वाट पाहतात. ॲमडाल ह्यांची ती पाच मिनिटे हीच! मग दुप्पट किमतीचे कार्ड लावले तरी गुण वाढणार कोठून?

हे केवळ आमच्या सांगण्यावरून मानू नये. परीक्षा घरच्या घरी करता येते. चित्राचा आकार वाढवावा. १०२४ गुणिले ७६८ ऐवजी ३८४० गुणिले २१६० केले तर ठिपके ८२,९४,४०० होतात, म्हणजे साडेदहा पट. मजुरांचे काम साडेदहा पट वाढूनही सेकंदाला निघणारी चित्रे तितकीच राहिली, तर मजूर आधी रिकामे बसले होते हे सिद्ध झाले. उलट, प्रोसेसरचा वेग थोडा कमी करून पाहावा. गुण त्याच प्रमाणात घसरले, तर कोंडी मुकादमापाशीच आहे ह्यात शंका उरत नाही. आम्हांस ही पद्धत फार आवडली, कारण तीत कोणावर आरोप नाही. एकाचे काम वाढवावे, दुसऱ्याचे कमी करावे आणि रांग कोठे लागते ते डोळ्यांनी पाहावे.

ह्यावरून जुनी कसोटी फेकून द्यावी, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ती खोटी झाली नाही. तिचा विषय बदलला आहे. पूर्वी ती कार्ड मोजी, आता ती प्रोसेसरचा एकट्या कोअरचा वेग आणि स्मृतीची चपळाई मोजते. हौशी मंडळी ह्याच कामासाठी ती अजून वापरतात. फसतो तो नावावर विश्वास ठेवणारा. डब्यावर साखर लिहिलेले आहे म्हणून आतले मीठ गोड होत नाही.

ह्या कसोट्यांच्या इतिहासात आणखी एक प्रकरण सांगण्याजोगे आहे. मे २००३ मध्ये थ्रीडीमार्कच्या त्या वेळच्या नव्या आवृत्तीची तपासणी तिच्या निर्मात्यांनी केली. कसोटीतला कॅमेरा कोणत्या वाटेने जाणार हे आधीच ठरलेले असते. तेव्हा त्याला जे दिसणार नाही ते काढावयाचेच नाही, अशा युक्त्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये आढळल्या, असे त्यांनी जाहीर केले. पुढच्याच महिन्यात दोन्ही पक्षांचे संयुक्त निवेदन निघाले आणि ही फसवणूक नसून त्या आज्ञावलीपुरती केलेली विशेष सुधारणा आहे, असे म्हटले गेले. न्यायनिवाडा करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु साहेबांची फेरी कोणत्या वाटेने होणार हे ठाऊक असले म्हणजे तेवढीच वाट झाडून ठेवतात, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

कोंडी ओळखली की उपायही निघतो. २०१३ साली एएमडी कंपनीने मँटल नावाची नवी रीत आणली, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची डायरेक्टएक्स १२ आली आणि २०१६ मध्ये व्हल्कन. ह्यांत एक चिठ्ठी लिहिण्याचा खर्च कमी केला आणि अनेक मुकादमांनी एकाच वेळी चिठ्ठ्या लिहिण्याची सोय केली. पण जी आज्ञावली जुन्या रीतीने लिहिली गेली, तिला ह्याचा लाभ आपोआप मिळत नाही. रस्ता रुंद झाला तरी जुना दिंडी दरवाजा रुंद होत नाही. तो पुन्हा बांधावा लागतो.

आता हे सारे चांदवडच्या सभेत कशासाठी सांगितले? जिल्ह्यातील एका कारखान्यात, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, नवी स्वयंचलित यंत्रे आली. यंत्रांची किंमत मोठी, म्हणून अपेक्षाही मोठी. दिवसाचे उत्पादन मात्र फारसे हलेना. यंत्रचालकांना खुलाशाच्या नोटिसा निघाल्या. यंत्र किती मिनिटे थांबले ह्याचा तक्ता जोडलेला होता, आणि तो तक्ता खराही होता. आम्ही आणि तेथील कामगारांनी आठवडाभर एकच नोंद ठेवली: तयार माल कोठे साठून राहतो? माल साठत होता तपासणीच्या टेबलापाशी. तेथे माणूस एक आणि मोजमापाचे साधनही एकच. तेथून होकार आल्याशिवाय पुढचा माल लावावयाचा नाही, असा नियम होता. यंत्रे रिकामी होती, चालक आळशी नव्हते. नोंदवही पुढे ठेवल्यावर तपासणीला दुसरे टेबल मिळाले आणि नोटिसा मागे घेतल्या गेल्या.

आज माणसाच्या कामाचे माप संगणक घेऊ लागला आहे. किती मिनिटे कळ दाबली नाही, किती पार्सले पोचवली, किती फोन उचलले, ह्याचे आकडे पडद्यावर चढतात आणि त्यावर पगार, बढती, नोकरी ठरते. आकडा हा शब्द ऐकला की आपण मान तुकवतो, कारण आकडा खोटे बोलत नाही अशी आपली समजूत आहे. ग्राफिक्स कार्डाची गोष्ट सांगते की आकडा खरा असूनही दुसऱ्याचाच असू शकतो. म्हणून मुलांनी कार्ड घेताना आणि मोठ्यांनी माणसाची किंमत करताना तीन प्रश्न विचारावेत. ही कसोटी कोणत्या काळी, कोणत्या यंत्रासाठी घडवली होती? ती आज प्रत्यक्षात कोणाचे काम मोजते? आणि रांग कोठे लागली आहे, हे कोणी जागेवर जाऊन पाहिले आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर पहिल्या दोहोंची उत्तरे मिळेपर्यंत ना कार्ड परत करावे, ना कोणाला नोटीस द्यावी.